चिमटीची डावी भिवई

माझ्या दवाखान्यात शिरणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही जण आधी भिंतीवरची माझी पदवी वाचतात आणि मग माझ्याकडे पाहतात. बाकीचे आधी माझ्याकडे पाहतात, थबकतात, मान तिरकी करतात, आणि नंतर त्यांना पदवी वाचायची गरजच वाटत नाही. "तुम्ही त्या... त्या मालिकेतल्या..." एवढं झालं की पुढचं वाक्य मीच पुरं करते. "हो, चिमटी. पूर्ण नाव आणि वय सांगा."

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका मोठ्या एकत्र कुटुंबात चिमटी नावाची आगाऊ मुलगी होती. घरातली मोठी माणसं कट शिजवत असत आणि चिमटी टेबलाखाली, पडद्यामागे किंवा धान्याच्या कणगीआड बसून ऐकत असे. भागाच्या शेवटी ती बाहेर येई, कमरेवर हात ठेवी आणि म्हणे, "मी सग्गळं ऐकलंय हं!" कट तिथेच कोसळे. सातव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत मी हे वाक्य म्हणत होते, आणि त्या काळात घराघरांतली मुलंही ते म्हणत होती. आज मी सोलापुरात श्रवणतज्ज्ञ आहे. माणसाला किती ऐकू येतं हे मोजणं हा माझा व्यवसाय आहे. या योगायोगावरचे सगळे विनोद होऊन गेले आहेत. 'नवा सुचल्यास कळवावा' अशी पाटी दारावर लावायचा माझा विचार होता. शांतव्वांनी लावू दिली नाही. शांतव्वा या माझ्या सहायक. मूळच्या अक्कलकोटच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. नोंदी, रांग, चहा आणि माझा स्वभाव या चारही गोष्टी त्या सांभाळतात.

हा लेख मागणाऱ्या संपादकांची अपेक्षा बहुधा चित्रीकरणाच्या गमतीजमतींची असावी. त्या मला फारशा आठवत नाहीत. त्या प्रसिद्धीचा माझ्यावर नेमका काय परिणाम झाला, हे मात्र मला अलीकडे फार काटेकोरपणे कळलं, आणि तेही एका आलेखावरून. म्हणून मी माझ्या कामाविषयी लिहिते.

मालिका संपली तेव्हा आम्ही मुंबईहून परत सोलापुरात आलो. वडिलांचं भांड्यांचं दुकान इथेच होतं. शाळेत मला कुणी त्रास दिला नाही. उलट सगळे फार चांगले वागले, आणि अडचण तीच होती. स्नेहसंमेलन असो की शाळातपासणी, मला मंचावर उभं करून ते वाक्य म्हणायला लावत. निबंधाला चांगले गुण मिळाले तर ते निबंधाला मिळाले की चिमटीला, हे मला कधीच ठरवता येत नसे. गणिताच्या उत्तरपत्रिकेबाबत ही शंका उरत नव्हती. उत्तर बरोबर असे किंवा चूक असे. मी विज्ञानाकडे गेले त्यामागे जिज्ञासा नक्कीच होती, पण त्याहून मोठं कारण हे होतं की सूक्ष्मदर्शकाला माझा चेहरा माहीत नव्हता. पुढे श्रवणशास्त्र निवडलं, पदव्युत्तर शिक्षण घेतलं, मोठ्या शहरात दोन वर्षं नोकरी केली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागात स्वतःचा दवाखाना उघडला. पूर्व भाग ठरवून निवडला. यंत्रमाग तिथे आहेत, आणि यंत्रमागाच्या आवाजात आयुष्य काढलेल्या कानांचा मला अभ्यास करायचा होता. मला संशोधक म्हणून नाव कमवायचं होतं. आधीचं नाव मी कमावलेलं नव्हतं. ते मला लागलं होतं.

आता कामाविषयी. कान तपासायला मी कानात फारसं डोकावत नाही. एका ध्वनिरोधक खोलीत, जी मोठ्या कपाटाएवढी असते, माणसाला बसवते. त्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण देते. खोलीला काचेची खिडकी असते. बाहेर मी यंत्रापाशी बसते. मी कळ दाबली की त्याच्या कानात एक बारीक 'टूं' वाजतो. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दाबलं की माझ्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मग मी आवाज आणखी बारीक करते, दिवा लागेनासा होईपर्यंत. जाड स्वरापासून तीक्ष्ण स्वरापर्यंत असं करत गेलं की कागदावर एक रेष उमटते. उजवा कान लाल, डावा निळा; रेष जितकी खाली उतरते, तितकं ऐकणं कमी. या रेषेला आलेख म्हणतात आणि माझा सगळा व्यवसाय त्या रेषेवर उभा आहे. यंत्र कुणाच्याही कानात शिरत नाही. ऐकू आलं की नाही हे शेवटी तो माणूसच सांगतो, त्यामुळे तपासणी खरी होणं हे बरंचसं आम्हा दोघांच्या वागण्यावर अवलंबून असतं.

गोंगाटामुळे गेलेल्या कानाची एक खोड आहे. जाड आवाज त्याला बराच काळ ऐकू येतात. तीक्ष्ण आवाज आधी जातात. दार आपटलं की असा माणूस दचकतो, पण 'स', 'त', 'क' ही अक्षरं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे घरच्यांना वाटतं की याला हवं ते ऐकू येतं आणि नको ते येत नाही. मी आजवर मिटवलेली भांडणं यातूनच निघालेली आहेत.

दवाखान्याच्या पहिल्या वर्षी माझा चेहरा माझ्या उपयोगी पडतो असा शोध मला लागला. वळसंगच्या सिंधूबाई हे त्याचं पहिलं उदाहरण. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही कान अर्धे गेलेले, आणि श्रवणयंत्र लावायला साफ नकार. मुलानं तीन ठिकाणी दाखवलं होतं. माझ्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आगं, ही तर चिमटी हाय! किती वाळलीस गं. खात न्हाईस व्हय काय?"

मी आलेख समजावून सांगायला लागले. त्यांनी हात हलवला.

"ते ऱ्हाऊ दे. तू ते म्हन आदी. कमरेवर हात ठिवून म्हनायचीस की."

"आजी, मी आता डॉक्टर आहे. कानाची."

"मग मी बी यंत्र लावत न्हाय."

मी उठले, पांढऱ्या कोटावर दोन्ही हात ठेवले आणि एकोणतिसाव्या वर्षी ते वाक्य म्हटलं. बाहेर रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सिंधूबाईंनी मुकाट्याने दोन्ही कान पुढे केले. यंत्रं लावून झाल्यावर मुलानं हाक मारली, तशा त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुजा आवाज लई बदलला रं. बापासारका झाला." दर सहा महिन्यांनी त्या तपासणीला येतात, येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणतात, आणि यंत्रं चोवीस तास वापरतात असा त्यांच्या मुलाचा दावा आहे. "चिमटीनं लावलंय," असं त्या गावात सांगतात. वैद्यकीय सल्ला इतक्या निष्ठेनं पाळणारा दुसरा रुग्ण मी पाहिलेला नाही.

अशा अनुभवांनंतर मी एक छोटासा बदल केला. ध्वनिरोधक खोलीत बसलेला माणूस खिडकीकडे तिरका किंवा पाठमोरा असावा, असा नियम आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. तपासणाऱ्याचा हात दिसला तर कळ कधी दाबली हे त्याला कळतं. पण त्या बंद खोलीत माझ्याकडचे लोक घाबरत. हातात घाम, डोळे दाराकडे. मी खुर्ची फिरवून त्यांचं तोंड खिडकीकडे केलं, यंत्राच्या कळा एका पुठ्ठ्याआड झाकल्या, म्हणजे हात दिसणार नाही, आणि चेहरा तेवढा काचेत ठेवला. ओळखीचा चेहरा दिसला की माणसं सैलावत. नियमाचा हेतू मी सांभाळला आहे, अशी माझी खात्री होती. हात झाकलेला होता. चेहऱ्याचा नियमात उल्लेख नव्हता.

दोन वर्षं यंत्रमाग कामगारांच्या तपासण्या मी अशा केल्या. सुट्टीच्या दिवशी शिबिरं घेतली, कारखान्यांत जाऊन मालकांची मनधरणी केली, आलेख जमवले. त्यांतून एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. आमच्या कामगारांचे कान अपेक्षेपेक्षा चांगले होते! तीस-तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसांच्या रेषा तीक्ष्ण स्वरांपाशी पुरेशा खाली उतरत नव्हत्या. मी यावर एक उपपत्ती मांडली, निबंध लिहिला, आणि पुण्यातल्या एका परिषदेनं तो स्वीकारला. त्याच निबंधाच्या बळावर परदेशातल्या एका विद्यापीठाकडे संशोधनासाठी अर्जही केला. ती उपपत्ती काय होती हे मी इथे लिहिणार नाही. ती फार हुशार होती, एवढंच सांगते.

नरसय्या त्या दोन वर्षांत तपासलेल्यांपैकीच एक. नक्षीच्या चादरी विणणाऱ्या जेकार्ड मागावर अडतीस वर्षं काम केलेले, तेलुगू घरातले, उंच, वाकलेले, फार सभ्य. त्यांची सून पद्मा टॉवेलच्या शिलाईला जाते. मुलगा बाहेरगावी नोकरीला. सासरे काही ऐकत नाहीत अशी तक्रार घेऊन तीच त्यांना पहिल्यांदा घेऊन आली होती. माझ्या तपासणीत त्यांचा कान वयाच्या मानाने छान निघाला. किंचित कमी, इतकंच. मी तसं लिहून सही केली.

"म्हणजे ऐकू येतं ह्यांना?" पद्मानं विचारलं होतं.

"येतं."

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. ती घडी तिनं किती जोरात दाबली, हे मला आज आठवतं. तेव्हा मी पुढच्या रुग्णाचं नाव पुकारत होते.

सात-आठ महिन्यांनी ती परत आली. कडेवर अडीच वर्षांची मुलगी, बुज्जी. मागे नरसय्या, मान खाली. पद्मानं तो कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. घडीच्या रेषांवर तो फाटायला आला होता.

"मॅडम, ह्या कागदावर सही तुमचीच आहे की?"

"हो."

"मग मला सांगा, ऐकू येणारा माणूस असं करतो का? काल मी कामावर, पोरगी ह्यांच्याजवळ. ही न्हाणीघरात गेली, आतून कडी लागली. रडून रडून निळी पडली हो! शेजारणीला दोन घरं पलीकडं ऐकू आलं. आणि हे? दाराला पाठ लावून पेपर वाचत बसले होते. दा-रा-ला पाठ लावून!"

बुज्जी नरसय्यांकडे झेपावत "तात, तात" करत होती. तेलुगूत आजोबांना तात म्हणतात. पद्मानं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सात महिने मी ह्यांना काय काय बोलले. नाटकं करताय म्हटलं. माझं बोलणं नको म्हणून कान बंद करता म्हटलं. का? तर डॉक्टरांचा कागद आहे. आता पोरगी मी ह्यांच्याजवळ ठेवणार नाही. पाळणाघर बघते. पण एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. हे मुद्दाम करतात का?"

मी म्हटलं, पुन्हा तपासू. माझ्या मनात त्या क्षणी, कबूल करते, पद्माच्या बाजूचं उत्तर होतं. आलेख माझा होता आणि माझ्या आलेखांवर माझा विश्वास होता.

नरसय्या खोलीत बसले, खिडकीकडे तोंड करून. मी कळ दाबायची, ते बटण दाबायचे. रेष पुन्हा तशीच, अगदी आधीच्या रेषेवर रेष. चूक एकही नाही, आणि मला खटकलं ते हेच. तपासणीत माणसं चुकतात. कानात ज्यांच्या सारखी शिट्टी वाजते, ती तर स्वर नसतानाही दोन-चार वेळा बटण दाबतात. अडतीस वर्षं मागावर काढलेला माणूस एकदाही चुकत नाही, हे फारच नीटनेटकं होतं. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. मग मी इतर मागकऱ्यांचे जुने कागद काढून पाहिले. तेही असेच नीटनेटके होते.

मी हेडफोनची वायर यंत्रातून काढली.

आता नरसय्यांच्या कानात काहीही वाजणं शक्य नव्हतं. मी पुठ्ठ्याआड कळ दाबली. हिरवा दिवा लागला. थांबले. दिवा नाही. पुन्हा दाबली. दिवा लागला. सहा वेळा दाबली, सहा वेळा लागला.

शांतव्वा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. "एन री मॅडम, हे काय? वायर तर खाली लोंबतीया! आजोबा काय ऐकायलेत? आकाशवाणी?"

मी फाईल उचलून चेहऱ्यासमोर धरली आणि कळ दाबली. दिवा लागला नाही. पुन्हा दाबली. नाही. फाईल बाजूला केली, दाबली. लागला. याहून स्वच्छ प्रयोग मी प्रयोगशाळेतही केलेला नाही.

नरसय्यांना बाहेर बोलावलं. मोठ्यानं, समोरासमोर, हळू विचारलं, "बटण कधी दाबत होता तुम्ही?"

ते गोंधळले. "तुमी विचारलात की."

"मी काय विचारलं?"

त्यांनी आपली डावी भिवई जराशी वर उचलली. एवढीशीच. "असं केलात. म्हणून मी दाबलो."

"पण स्वर ऐकू आला की दाबायचं होतं."

"ते काय मला माहीत नाही, अम्मा. मागावर कोण बोलतंय? बोलून कुटं ऐकू येतंय तितं? पलीकडच्या मागावरला भिवई उचलला, म्हणजे विचारला. दोरा संपला का, जेवायला येतो का, बरं हाय का. आपण मान हलवायची, न्हायतर हात करायचा. विचारलेल्याला उत्तर नको का द्यायला? तुमी एवढं प्रेमानं विचारत होतात, मी गप कसा बसू?"

म्हणजे त्यांनी फसवलं नव्हतं. सभ्य माणसानं करायचं तेच केलं होतं. दोन वर्षं माझ्या खिडकीसमोर बसलेल्या प्रत्येक मागकऱ्यानं तेच केलं होतं. मी स्वर वाजवून विचारत होते आणि त्याच वेळी चेहऱ्यानंही विचारत होते. चेहरे वाचण्यात ज्यांची हयात गेली होती, त्यांनी चेहऱ्याला उत्तर दिलं होतं.

माझा विश्वास बसेना. मी शांतव्वांना आत बसवलं आणि मोबाइलवर माझं चित्रण करायला सांगितलं. मालिका संपल्यापासून मी स्वतःला पडद्यावर कधी पाहिलेलं नव्हतं. घरी लागली तरी उठून जात असे. ते दोन मिनिटांचं चित्रण पाहिलं. स्वर अगदी बारीक होऊन माझीच अपेक्षा संपेपर्यंत, प्रत्येक वेळी कळ दाबताना माझी डावी भिवई वर जात होती, मान अर्ध्या बोटाएवढी पुढे येत होती, आणि डोळे असे होत होते की जणू काही आत्ता ऐकू येणार आहे. काचेपलीकडे पांढऱ्या कोटात चिमटी बसली होती. कणगीआड बसते तशी.

आमचे दिग्दर्शक मला मांडीवर घेऊन शिकवत. "चिमटे, तू ऐकतेयस हे लोकांना कसं कळणार? कॅमेऱ्याला तुझा कान आतून दिसत नाही. ऐकणं दिसलं पाहिजे, बाळा." मग डाव्या भिवईला बोट लावून ती वर उचलत. चार वर्षं, जवळजवळ रोज. मी संवाद विसरले, चेहरे विसरले, सहकलाकारांची नावं विसरले. भिवई विसरली नाही. मी पदवी घेतली, तिच्यावर दुसरी पदवी घेतली, आणि ती भिवई निमूटपणे माझ्याबरोबर सगळीकडे येत राहिली.

मी पद्माला आत बोलावलं. खरं सांगायचं तर तिला पटेल अशी एखादी पळवाट माझ्याजवळ होती. कान हळूहळू बिघडतो, मधल्या सात महिन्यांत बिघडला, असं म्हणता आलं असतं. ते खोटं कुणालाच पकडता आलं नसतं. नरसय्या टेबलापलीकडे बसले होते आणि माझ्या ओठांकडे पाहत होते.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "कागद चुकीचा आहे. यांना ऐकू येत नव्हतं. तेव्हाही नाही आणि कालही नाही."

पद्मानं टेबलावरच्या जुन्या कागदातल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. "आणि मी जे बोलले?" ती म्हणाली. "ते कोण परत घेणार? तुमी का?"

मी खुर्ची फिरवली, नरसय्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पुन्हा तपासणी केली. रेष जाड स्वरांपाशी होती तिथून घसरत गेली आणि तीक्ष्ण स्वरांपाशी कड्यावरून कोसळावी तशी कोसळली. मी तो कागद पद्मासमोर ठेवला आणि बंद न्हाणीघरातल्या लहान मुलाच्या रडण्याचा आवाज या आलेखावर कुठे पडतो, ते पेन्सिलीनं दाखवलं. ठिपका रेषेच्या वर, म्हणजे त्यांना ऐकू न येणाऱ्या बाजूला पडला.

पद्मानं तो ठिपका पाहिला. मग उठली, आणि बुज्जीला कडेवरून उतरवून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. "धरा, मामय्या," एवढंच म्हणाली. म्हणाली तेव्हा तिनं तोंड त्यांच्याकडे केलं होतं.

त्या आठवड्यात मी परिषदेला पत्र लिहून निबंध मागे घेतला. विद्यापीठालाही कळवलं. शांतव्वा म्हणाल्या, "एक वर्ष गेलं की हो तुमचं." मी म्हटलं, दोन. मग यादी काढून एकेका मागकऱ्याला परत बोलावलं. खुर्ची भिंतीकडे. बहुतेक आले. काही चिडले, काही हसले. "मागच्या वेळी पास केलात, आता नापास व्हय?" असं एकानं विचारलं. काही जण सापडले नाहीत. मागावर ताण्याचे दोरे जोडणारा एक तरुण जोडणीवाला, ज्याला मी पाठ थोपटून 'कान एकदम उत्तम' असं सांगितलं होतं, तो काम शोधत सुरतेला गेला आहे आणि त्याचा फोन लागत नाही. त्याच्या जुन्या कारखान्यात मी दर दोन-तीन महिन्यांनी निरोप ठेवते. तो खुशीत जिना उतरला होता. ते मला विसरता येत नाही.

तरीही हा लेख मी कृतज्ञतेनं लिहिते आहे, आणि हे नम्रतेपोटी म्हणत नाही. नव्या आलेखांत नवल काही नव्हतं. जगभर गोंगाटानं कान जसे जातात तसेच इथले गेले होते. पण जुने आणि नवे कागद शेजारी ठेवले की मधल्या अंतरात दुसरंच काही मोजलेलं दिसतं. माणसं नुसत्या चेहऱ्यावरून किती ऐकतात, ते. तसा अभ्यास मी ठरवून कधीच आखला नसता. आता तो नीट आखला आहे आणि त्यावर काम चालू आहे. मागकऱ्यांशी बोलताना तोंड झाकू नये, उजेडात उभं राहावं, आधी भिवई उचलावी आणि मग बोलावं, हे मी आता त्यांच्या घरच्यांना शिकवते. या विषयाची माझ्याइतकी तयारी दुसऱ्या कुठल्याही श्रवणतज्ज्ञाची नसेल. बोट लावून भिवई उचलणारे ते दिग्दर्शक आज असते, तर त्यांना हे सांगायला मी स्वतः गेले असते. लहानपणी मिळालेलं ते नाव मी वीस वर्षं अंगावरून झटकत होते. आता कुणी "चिमटी" म्हटलं की मी हसते आणि मग त्याची खुर्ची भिंतीकडे वळवते. काही जण रुसतात.

तीन आठवड्यांनी नरसय्या श्रवणयंत्रं लावून घ्यायला आले. पद्मानं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. यंत्रं बसवली, आवाज जुळवला. पंख्याच्या आवाजानं ते दचकले. स्वतःच्याच खोकल्यानं दचकले. मग यंत्रांसह तपासणी करायची म्हणून मी त्यांना आत बसवलं. भिंतीकडे तोंड, हातात बटण. या वेळी आवाज हेडफोनमधून न येता खोलीतल्या ध्वनिवर्धकातून येतो. मी त्यांना तीन-तीनदा समजावलं: कुणाकडेही बघायचं नाही, कानावर पडलं की दाबायचं.

दार लावायला शांतव्वा गेल्या तेवढ्यात बुज्जी त्यांच्या पायांमधून आत शिरली आणि आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पद्मा उठली, मी हातानं तिला थांबवलं. नरसय्यांना काहीच दिसत नव्हतं. भिंत होती फक्त.

बुज्जीनं नेहमीच्या आवाजात, जरासं कंटाळून, हाक मारली. "तात."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सांगितल्याबरहुकूम त्यांनी बटण दाबलं. मी कुठलीही कळ दाबलेली नव्हती, आणि माझ्यासमोर हिरवा दिवा लागला.